डबीतला पाला आणि दारचा पाला

आमचा एक पुतण्या पोटापाण्यासाठी विलायतेस असतो. मागच्या ज्येष्ठाच्या अखेरीस तो घरी आला, तेव्हा त्याने आपल्या काकूसाठी एक सुबक डबी आणली. डबीवर दातेरी कडांच्या एका पानाचे चित्र होते आणि आत हिरवट करड्या रंगाची पूड होती. ही पूड रोज सकाळी चमचाभर कढत पाण्यातून घेतल्यास रक्त वाढते, हाडे बळकट होतात, केस गळावयाचे थांबतात व शरीराचे दीर्घकाळ पोषण होते, असे डबीच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले होते. किंमत आपल्या पैशांत आठ-नऊशे रुपये. कुटुंबाने ती डबी मोठ्या जपणुकीने देवघराशेजारच्या फळीवर ठेवली. त्याच दिवशी दुपारी परसातले तेरें उपटून टाकण्यासाठी एक गडी बोलावलेला होता. कारण पाऊस लागल्यापासून ते फार माजले होते, आणि चतुर्थीला पाहुणे यावयाचे तर परस जरा 'माणसांत' दिसावयास नको काय? अशा रीतीने एकाच दिवशी एक पाला दाम मोजून घरात आला आणि दुसरा पाला मजुरी मोजून घराबाहेर गेला. हा प्रकार केवळ आमच्या घरापुरता असता तर तो लिहिण्याचे कारण नव्हते. पण गेली काही वर्षे मी आपल्या देवळांतून, समाराधनांतून आणि लग्नघरांतून जे पाहतो आहे, त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की ही एका समाजाची चाल झाली आहे. तिच्याविरुद्ध कोणीतरी चार शब्द कठोरपणे बोलावयास हवेत.

प्रथम त्या डबीतल्या पाल्याला न्याय देऊ. इंग्रजीत त्याला नेटल म्हणतात. ती थंड मुलखातली वनस्पती आहे. युरोपात ती गावकुसाला, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवते, आणि आपल्या देशात हिमालयाच्या उतरणीवर मुबलक सापडते. तिच्या पानांवर व देठांवर बारीक पोकळ केस असतात. त्यांचे टोक काचेसारखे ठिसूळ असते. हात लागला की ते मोडते आणि आतला दाहक रस कातडीत उतरतो. कुमाऊंत तिला सिसूण, गढवालात कंडाळी, नेपाळात सिस्नु म्हणतात, आणि हिंदीत तर सरळ बिच्छू घास. हे विंचवाचे नाव ज्याने दिले त्याला तिचा अनुभव आलेला असला पाहिजे. परंतु हीच वनस्पती शिजविली किंवा वाळविली की तिची नांगी पूर्ण मोडते, आणि उरते ती एक उत्तम पालेभाजी.

येथे एक इशारा देणे अवश्य वाटते. आमच्या ओळखीच्या एका सद्‌गृहस्थांनी कोठेतरी नेटलचा अर्थ 'खाजकुयली' असा वाचला, आणि ती तर आपल्या कुंपणावरच आहे म्हणून तिचा पाला खावा काय, असे मला विचारावयास आले! खाजकुयली ही अगदी वेगळ्या कुळातली वेल आहे. ती शेंगवर्गातली, तिची खाज पानात नसून शेंगेवरच्या लवेत असते. आयुर्वेदात कपिकच्छू म्हणून तिच्या बिया वापरतात, आणि त्या बियांत लेवोडोपा हे द्रव्य असते, जे आजचे डॉक्टर कंपवाताच्या रोग्यास औषध म्हणून देतात. असे द्रव्य ज्यात आहे ते वैद्याच्या खलातले, आमटीतले नव्हे. दोन वनस्पतींना खाज सुटते एवढ्यावरून त्या बहिणी होत नाहीत. परक्या पाल्याच्या मोहापायी दारचा भलताच पाला तोंडात घालण्याची वेळ येते, ती अशी.

असो. नेटल ही निकृष्ट वस्तू आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. प्रश्न असा आहे की ज्या लोकांची ती आहे, ते लोक तिचे काय करतात? गढवाली बाई हिवाळ्यात चिमट्याने कंडाळीचे कोवळे शेंडे खुडते, उकळत्या पाण्यात टाकते, घोटते, तांदळाच्या किंवा मंडव्याच्या पिठाने दाट करते, वरून जख्याची अथवा हिंगाची फोडणी देते आणि पातेलेभर भाजी घरातल्या सर्वांच्या पानांत वाढते. स्वीडनमध्ये वसंतात तिचे सूप करतात. सॅम्युएल पेपिस या इंग्रज दप्तरदाराने १६६१ सालच्या फेब्रुवारीत आपल्या रोजनिशीत नेटलची पेज खाल्ल्याची व ती फार चांगली लागल्याची नोंद केली आहे. अकराव्या-बाराव्या शतकांतला तिबेटी योगी मिलारेपा याच्याविषयी तर अशी आख्यायिका आहे की गुहेत तप करताना तो इतकी वर्षे केवळ याच पाल्यावर राहिला की त्याची काया हिरवी झाली. आख्यायिकेतली अतिशयोक्ती सोडून द्या. पण तिच्यातही त्याने चमचाभर पूड घेतली असे कोणी म्हटलेले नाही. तो हंडीच शिजवीत होता! जेथे जेथे हा पाला माणसाच्या कामास आला, तेथे तो अन्न म्हणून आला. कोवळा असताना, त्याच्या ऋतूत, पोटभर, आणि पिढ्यान्‌पिढ्या.

आता थोडा हिशेब मांडू. हिशेबाला कोणी पाखंड म्हणत नाही. उकडलेल्या शंभर ग्रॅम नेटलमध्ये सुमारे ४८० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सुमारे १.६ मिलिग्रॅम लोह असते. हे आकडे, विशेषतः पहिला, कोणत्याही पालेभाजीला भूषण होय. पण चमचाभर वाळलेली पूड म्हणजे फार तर दोन ग्रॅम, आणि ते म्हणजे शिजलेल्या पाल्याचे पंधरा-सोळा ग्रॅम. त्यात कॅल्शियम सत्तर-पंचाहत्तर मिलिग्रॅम आणि लोह पाव मिलिग्रॅम एवढेच यावयाचे; तेही सारे पोटात गेले तर. काढा गाळून चोथा टाकला म्हणजे त्यातही घट आली. प्रौढ भारतीय स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आणि १००० मिलिग्रॅम कॅल्शियम आहारातून मिळावे, असे २०२० सालचे सरकारी आहारमान सांगते. एकोणतीस कोठे आणि पाव कोठे! 'दीर्घकाळ पोषण' हे शब्द डबीवर छापणाऱ्याने हे गणित केले नसेल असे नाही. ते आपण करणार नाही, याची त्याला खात्री आहे.

आणि आपल्या शेवग्याकडे पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत शेवग्याच्या शंभर ग्रॅम ताज्या पानांत कॅल्शियम सुमारे ३१४ मिलिग्रॅम, लोह साडेचार मिलिग्रॅमच्या वर आणि प्रथिने सहा ग्रॅमच्या वर दिलेली आहेत. एक आकडा शिजलेल्या पाल्याचा आणि दुसरा कच्च्याचा, तेव्हा तुलना काटेकोर नव्हे हे मी जाणतो. तथापि विलायतेहून आलेल्या पाहुण्यापुढे आपल्या शेवग्याने मान खाली घालावी असे त्यात काहीही नाही. कॅल्शियमात तो मागे पडेल, लोहात व प्रथिनांत पुढे जाईल. विशेष म्हणजे तो कुंपणाला फांदी खोचली तरी वाढतो, आणि त्याची किंमत, फार झाले तर, शेजाऱ्याला एक हाक मारण्याइतकी असते.

शेवगा बारमाही आहे. पण आपल्या किनारपट्टीच्या खऱ्या पालेभाज्या पावसाच्या आहेत. मृगाच्या सरींनी जमीन भिजली की आठ-दहा दिवसांत टाकळा, म्हणजे आपला तायकिळो, जोडपानांनी वर येतो. त्याची कोवळी पाने खोबरे, मिरची आणि फणसाच्या आठळ्या घालून केलेली भाजी ज्याने लहानपणी खाल्ली, त्याला तिचा किंचित उग्र वास आयुष्यभर सोडीत नाही. मागोमाग कुर्डू येतो, ज्याची आपण कुड्डुकेची भाजी करतो. आणि तेरें! ते तर नेटलचे खरे भावंड, कुळाने नव्हे, स्वभावाने. तेही दंश करते. त्याच्या पानांत-देठांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून आपल्या आज्यांनी तेऱ्याला कधी आंबटाशिवाय चुलीवर चढविले नाही. अंबाडे, बिंबले, चिंच किंवा सोलें, काहीतरी हवेच. आणि भरपूर शिजवणे हवेच. गढवाली बाईचा चिमटा आणि आपल्या आजीचे अंबाडे, ही एकाच शहाणपणाची दोन रूपे आहेत. चावणाऱ्या वनस्पतीला टाकून द्यावयाचे नाही, तिला वळण लावावयाचे. हे वळण लावण्याची विद्या चार पिढ्यांच्या हातांत होती; आमच्या पिढीने ती डबीच्या झाकणाबरोबर फिरकी देऊन बंद केली.

आता माझेच काही मित्र उठून म्हणतील, "वा! म्हणजे तायकिळ्याने सर्व रोग बरे होतात, असे लिहा ना!" त्यांना मी आधीच हात जोडतो. स्वदेशी बढाई ही विलायती बढाईइतकीच घातक आहे. शंभर ग्रॅम शेवग्याचा पाला खाल्ला तरी स्त्रीच्या दिवसाच्या लोहाचा सहावा हिस्साही पुरता भरत नाही, आणि पाल्यातले लोह शरीरात मुरतेही कमी. लिंबू, अंबाडे, आवळा अशा आंबटाची जोड मिळाली तर काहीसे अधिक. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया पांडुरोगी, म्हणजे रक्त कमी असलेल्या, आढळल्या. हा आकडा वाचून ज्याच्या घशाखाली घास सहज उतरेल त्याने खुशाल पुढचे पान उलटावे. ज्या बाईचे रक्त खरोखर उतरले आहे तिने डॉक्टरकडे जाऊन लोहाच्या गोळ्याच घेतल्या पाहिजेत; तिला पाल्याच्या भरवशावर ठेवणे हा गुन्हा आहे. पाल्याचे काम वेगळे. तिच्या मुलीवर ती वेळ येण्याची शक्यता कमी करणे, ताटातली उणीव रोज थोडी थोडी भरून काढणे, हे ते काम. आणि ते वर्षानुवर्षे चालावयाचे असते. तसेच मुतखड्याचा विकार असलेल्याने तेऱ्यापासून जपावे, रक्त पातळ ठेवण्याची वॉरफारिनसारखी औषधे घेणाऱ्याने पालेभाजी एकदम वाढविण्यापूर्वी डॉक्टरला विचारावे, आणि जून झालेला टाकळा कोणीच खाऊ नये, तो पोट ढाळतो. या मर्यादा सांगितल्या म्हणून पाल्याची थोरवी कमी होत नाही. अन्नाला मर्यादा असतात. मर्यादा नसतात त्या जाहिरातीला.

पण मग हा पाला आपल्या ताटातून गेला कसा? तो परवडत नव्हता म्हणून गेला, असे कोणी म्हणू शकणार नाही. खरे कारण लाजेचे आहे. तेरें आणि तायकिळो हे 'नसलेल्यांचे' अन्न ठरले. आषाढात घरातला भाजीपाला संपला, नदीला पूर आला, बाजार भरला नाही, म्हणजे परसात जावयाचे, ही गरिबीची आठवण आम्ही नोकऱ्या लागल्याबरोबर पुसून टाकली. पाहुण्याच्या पानात तायकिळो वाढला तर यजमानीण आधीच क्षमा मागते, "आज बाजारात काही मिळाले नाही हो!" आणि तोच पाला वाळवून, दळून, परक्या लिपीच्या वेष्टनात आला की ती तो पाहुण्यास मुद्दाम दाखविते. म्हणजे आपल्याला लाज पाल्याची नव्हती. तो आपल्या ओळखीचा आहे, याची लाज होती.

फोंड्याच्या, म्हापशाच्या, मडगावच्या बाजारात पावसाच्या दिवसांत गावड्यांच्या, कुणब्यांच्या, वेळपांच्या बायका टोपली घेऊन कडेला बसतात. पहाटे रानात जाऊन, जळवा काढीत, भिजत त्यांनी तो पाला खुडलेला असतो. गेल्या आषाढातलीच गोष्ट. एक म्हातारी मला म्हणाली, "सकाळीं खुंटिल्लो तायकिळो, व्हर रे पुता." माझ्या शेजारी उभे असलेले एक सुखवस्तू गृहस्थ तिच्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालू लागले. "रानात फुकट उगवतो, त्याचे एवढे पैसे?" हे त्यांचे म्हणणे. वास्तविक त्यांनी पाल्याचे पैसे देऊच नयेत. पहाटेचे, पावसाचे, पाठीच्या कण्याचे आणि कोणते पान खाण्याचे व कोणते नाही या ज्ञानाचे द्यावेत! डबीवाल्याला कोणी असे विचारीत नाही की बाबा, तुझ्याकडे तरी तो उकिरड्यावर फुकटच उगवतो ना?

आता शास्त्राकडे वळतो. कारण माझे बहुतेक वाचक देवळाशी बांधलेले आहेत, आणि हा आक्षेप त्यांच्याचकडून यावयाचा आहे. ते म्हणतील, चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य, मग पावसाळ्यात पाल्याची महती कशासाठी? चातुर्मासाच्या नियमांत पहिल्या महिन्यात शाक, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल सोडावे, असा क्रम आहे हे खरे. आपल्या वैष्णव मठांच्या अनुयायांत आषाढी एकादशीपासून महिनाभर शाकव्रत निष्ठेने पाळणारी कुटुंबे आजही आहेत, आणि त्यांच्यापुढे मी नम्र आहे. पण व्रत म्हणजे काय? जे रोज खातो, जे आवडते, ते ठरल्या मुदतीपुरते सोडणे. सोडण्यासाठी आधी धरलेले असावे लागते. ज्याच्या पानात अकरा महिने फ्लॉवर, बटाटा आणि पनीर यांशिवाय काही आले नाही, त्याने आषाढात 'मी पाला सोडला' असे म्हणणे, हे निष्कांचनाने दानाचा संकल्प सोडण्यासारखे आहे. आणि व्रताची मुदत पाहा. मृगापासून आषाढी एकादशीपर्यंत जे दिवस असतात तेच टाकळ्याच्या कोवळेपणाचे. पुढे पाऊस मुरतो, पाने जून होतात, अळ्या पडतात; तेव्हा व्रत येते. व्रत संपते तोच श्रावण वद्य अष्टमी उभी राहते, आणि त्या दिवशी कोकणात घरोघर आंबोळ्यांबरोबर शेवग्याच्या पाल्याची भाजी होते. भाद्रपदात ऋषिपंचमीला तर जे बैलाच्या श्रमाने पिकले ते चालतच नाही; अळू, माठ, कंद असे जे परसात हाताने लावले वा आपोआप उगवले, त्याचीच भाजी व्हावयाची. आणि माहेरपणास आलेल्या गौरीला पहिल्या दिवशी कशाचा नैवेद्य दाखवितात? भाजी-भाकरीचा. आमच्या पूर्वजांनी पालेभाजी निषिद्ध मानली असती तर देवीच्या पानात ती वाढली नसती. त्यांनी तिला खाण्याचा काळ नेमून दिला आणि न खाण्याचाही काळ नेमून दिला. आम्ही त्यातला दुसरा तेवढा लक्षात ठेवला, कारण तो पाळावयास काही करावे लागत नाही.

यावर कोणी असेही म्हणतात की हे घरचे कुळाचार झाले, देवळाच्या महाप्रसादाला रानचा पाला कसा चालेल? मी विचारतो, माटोळी कोठून येते? चतुर्थीला गजाननाच्या डोक्यावर जी माटोळी आपण बांधतो, तिच्यात कांगलां, कवंडळे, घागऱ्यो, सुपारीचा शिपटो असे रानावनातले आणि कुळागरातले जितके मिळेल तितके आपण लटकावतो, आणि ज्याच्या माटोळीत अधिक प्रकार तो अधिक मिरवितो. ते सारे रानातून कोणाच्या हातांनी येते? त्याच टोपलीवाल्या बायकांच्या आणि त्यांच्या घरच्या माणसांच्या. देवाच्या डोक्यावर रान चालते आणि भक्ताच्या पानात चालत नाही, हा कोणता विवेक?

महाप्रसादाच्या पंगतीत आज काय असते ते आपण सर्व जाणतो. भात, वरण, एखादे तोंडाक, खतखतें असले तर नशीब, आणि भाजी म्हणून बेळगावहून ट्रकने आलेला कोबी. बेळगावच्या वाचकांनी रागावू नये. तुमच्या कोबीवर आमचा राग नाही, तुमच्या शेतकऱ्याने आम्हांला जगविले आहे. पण कुळागरांच्या कुशीत वसलेल्या अंत्रुजातल्या देवळाने, ज्याच्या चारी बाजूंनी आषाढात हिरवे पान पायाखाली येते, घाट ओलांडून येणाऱ्या ट्रकची वाट पाहत बसावे, हे दृश्य मला तरी शोभत नाही.

शोभेवरून आठवले. एका देवस्थानात, नाव घेत नाही, गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर तळीच्या कडेपासून अग्रशाळेच्या मागच्या बाजूपर्यंत तणनाशक फवारले. आठ दिवसांत सारे पिवळे पडले. मी एका पदाधिकाऱ्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "गवत वाढले की साप येतात, आणि भाविकांना बरे दिसत नाही." सापांची भीती खरी आहे, वाटेवरचे गवत कापलेच पाहिजे. पण त्यासाठी कोयता आहे, आणि कोयता चालविणारे हातही गावात आहेत. विष टाकल्याने वाटही मरते आणि वाटेच्या पलीकडचा टाकळाही मरतो. आणि जो मरत नाही तो खाण्याच्या लायकीचा राहत नाही. तीच गोष्ट सिमेंटच्या ठोकळ्यांची. प्राकारात प्रदक्षिणेची वाट फरसबंद असावी, हे मान्य. पण परसभागात, पातेली घासण्याच्या जागेजवळ, जेथे सांडपाण्यावर अळू आपोआप माजत असे, तेथेही ठोकळे बसविण्यात कोणती भक्ती आहे? आणि त्याच देवस्थानाच्या कचेरीत मी परवा पाहिले, मेजावर एक डबी होती. पानाचे चित्र वेगळे होते एवढेच.

गोव्याबाहेरच्या वाचकांना हे गाऱ्हाणे परके वाटू नये. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींना गव्हाच्या शेतात आपोआप येणारा बथुआ, म्हणजे चाकवताचा सोयरा, ठाऊक आहे. तो तण म्हणून मारला जातो आणि शहरात त्याच्याहून महाग दराने परदेशी कोशिंबिरीचा पाला विकला जातो. हैदराबादेत अंबाडीने, तिथल्या गोंगुऱ्याने, अजून मान टिकविला आहे, याबद्दल तेलुगु गृहिणींचे आभारच मानावेत. घोळ तर बडोद्यापासून बेळगावपर्यंत अंगणात, फटीत, कोठेही उगवते. ती झाडून टाकण्यात आपण सारे सारखेच तरबेज आहोत.

माझे मागणे थोडे आहे, आणि कोणाला वर्गणी मागत नाही. आपल्या देवस्थानांनी मृगापासून आषाढी एकादशीपर्यंत, आणि पुढे अष्टमीपासून दसऱ्यापर्यंत, महाप्रसादाच्या पंगतीत आठवड्यातून निदान एकदा ऋतूची पालेभाजी ठेवावी. ती टोपलीवाल्या बायकांकडून, त्या मागतील त्या दराने, आगाऊ सांगून घ्यावी. प्राकारात आणि देवस्थानाच्या जमिनीत तणनाशक बंद करावे. रस्त्याच्या कडेचा, गाड्यांच्या धुराखालचा पाला घेऊ नये. तो कोठला आहे हे आणणाऱ्या बाईला विचारावे, ती खरे सांगते. आणि देवळामागे चार शेवगे लावावेत. जी मुले पंगतीत बसतात त्यांना हे पान कोणते, हे वाढणाऱ्याने एकदा तरी सांगावे. डबी ज्याला घ्यावयाची त्याने घ्यावी, तिच्यात विष नाही. फक्त ती घेतली म्हणजे भाजी खाल्ली, असा समज करून घेऊ नये.

याच अर्थाचा एक लेखी अर्ज मी गेल्या आषाढात आमच्या देवस्थानाच्या समितीकडे, महाजन या नात्याने, रीतसर दिला. समितीने तो सौजन्याने स्वीकारला. पंधरा दिवसांनी उत्तर आले: विषय महत्त्वाचा आहे, चतुर्थीनंतरच्या सभेत विचारार्थ घेऊ. तोपर्यंत टाकळ्याला शेंगा धरू लागलेल्या असतात.